पिवळं आत, काळं बाहेर

नागपूरच्या माणसाला आपल्या उन्हाचा छुपा अभिमान असतो. ३० मे २०२४ ला इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंशांचा आकडा दाखवला, तेव्हा बाहेरगावचे नातेवाईक काळजीनं फोन करत होते आणि आमच्याकडे पानठेल्यांवर तो आकडा दिवसभर मिरवत होता. मग हवामान खात्यानं खुलासा केला की यंत्रातला संवेदक बिघडला होता. जरा निराशाच झाली. कागदावर टिकलेला खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंश. नीचांक २९ डिसेंबर २०१८ चा, ३.५. या दोन आकड्यांच्या मध्ये आमचं सगळं बसतं: कूलरच्या ताट्या, मेअखेरचा नवतपा, डिसेंबरातल्या शेकोट्या, आणि माझ्या मारुती आठशेच्या इंजिनातलं तेल.

तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. गॅरेजच्या भाषेत ट्वेंटी-फॉर्टी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. त्यानंतरचा, तेल शंभर अंशांवर तापलेलं असताना किती दाट राहतं त्याचा. एसएई या अमेरिकी संस्थेनं ठरवलेली ही वर्गवारी आता जगभर चालते. मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या बहिणीला पहिल्या आकड्याशी फार देणंघेणं आहे. २०डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे पंधरा अंशांवर घेतात आणि पाचडब्ल्यूची उणे तीसवर. तिच्याकडे जानेवारीत उणे पंचवीस म्हणजे बातमी नव्हे. तिथं सकाळी किल्ली फिरवली आणि तेल घट्ट होऊन बसलेलं असलं, तर स्टार्टर कण्हत राहणार. आमच्याकडे सगळ्या इतिहासात पारा शून्याच्याही खाली गेलेला नाही. म्हणून दुकानदार जेव्हा पाचडब्ल्यूचा चकचकीत डबा पुढे करून ‘ताई, हे लेटेस्ट आहे’ म्हणतो, तेव्हा मला वाटतं, तो मला बर्फावर चालायचे बूट विकून राहिला आहे.

मग दुसरा आकडा तरी आमच्या उन्हाचा असेल? तसंही नाही, आणि हे समजायला मला बराच काळ लागला. इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅटच्या कृपेनं ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात राहतं. तेल शंभराच्या आगेमागे. पिस्टनच्या कड्यांजवळ तर त्याहून कितीतरी जास्त. सांगायचं म्हणजे, आमचा मे महिना इंजिनाच्या आत रोजच असतो, बारा महिने, मिनेसोटातसुद्धा. बाहेरच्या ४७ अंशांनी रेडिएटरचा घाम निघतो, बॅटरी मरते, टायर धोक्यात येतात. पण तेल एवढ्यानं दचकत नाही. ते ज्या आगीत राहतं तिच्यापुढे आमचा नवतपा म्हणजे सावली. गर्दीत, सिग्नलला, पंखा घरघरत असताना उभ्या गाडीचं तेल जास्त तापतं हे खरं, पण तेवढ्यासाठी उन्हाळ्याचं वेगळं आणि हिवाळ्याचं वेगळं तेल अशी सोय कधीच कालबाह्य झाली. आताच्या तेलात लांबलचक रेणू मिसळलेले असतात. थंडीत ते गुंडाळी करून पडून राहतात, तापलं की उलगडतात आणि तेलाला पातळ होऊ देत नाहीत. वापरात तेच रेणू हळूहळू तुटतात. तेल जुनं होतं म्हणजे काय होतं, याचं निम्मं उत्तर तिथं आहे.

माझी गाडी १९९८ सालची. पांढरी, एमएच-३१ पाटीची, कार्ब्युरेटरवाली, हातानं ओढायच्या चोकची. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतली, मी चालवते, आणि भाच्याला तिची लाज वाटते. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती आठशेची किल्ली इंदिरा गांधींनी मालकाच्या हाती दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या तीस वर्षांत ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरांनी मध्यमवर्गाला जेवढं हिंडवलं तेवढं क्वचितच कुणी हिंडवलं असेल. आता ती रस्त्यावर दिसली की लोक वळून बघतात, आणि त्या बघण्यात कौतुक किती आणि कीव किती हे ठरवणं अवघड. पंधरा वर्षं उलटली की नोंदणी नव्यानं करायची, गाडी तपासून घ्यायची. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेली. रस्ते वाहतूक मंत्री आमच्याच गावचे, जुन्या गाड्या भंगारात जाव्यात हे धोरणही त्यांचंच. त्यांच्याबद्दल मला राग नाही. धूर ओकणाऱ्या गाड्या जायलाच हव्यात. फक्त माझी धूर ओकत नाही, आणि ती ओकू नये यासाठी मी जे काही करते त्यात सगळ्यात स्वस्त काम तेल बदलण्याचं आहे.

या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याला धरून ठेवणाऱ्या बेअरिंगमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश भागांची फट असते. तेल पंपानं तिथं ढकललं जातं आणि शाफ्ट त्यावर अक्षरशः तरंगतो. गाडी चालू असेस्तोवर धातूला धातू लागतच नाही. लागतो तो सकाळी, पहिल्या दोन-चार क्षणांत, रात्रभरात तेल खाली उतरून गेलेलं असताना. म्हणून थंड इंजिन सुरू करून लगेच रेस देणाऱ्या माणसाकडे मी फार वाईट नजरेनं बघते. वर्षानुवर्षांच्या त्या क्षणांनी फटी रुंदावतात. पिस्टनच्या कड्या झिजतात, व्हॉल्व्हची रबरी सीलं कडक होतात. मग कोपऱ्यावरचा मिस्त्री सायलेन्सरशी हात धरून म्हणतो, ‘ताई, गाडी तेल खाऊन राहिली.’ निळसर धूर, सकाळी, एकदाच. एवढंच ती खाते. त्यावर मी अजून भांडत नाही.

तेल निवडायचं ते या फटी बघून. नव्या गाड्यांच्या फटी बारीक, त्यांना पातळ तेल लागतं. ते लवकर पोचतं, ओढ कमी, पेट्रोल वाचतं. तेच तेल माझ्या गाडीत घातलं तर ते कुठंच ठरत नाही. गाडी तापल्यावर सिग्नलला डॅशबोर्डवर झारीच्या चित्राचा लाल दिवा मिणमिणू लागतो. तो दिवा तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. हे न कळल्यामुळे ‘घरी जाऊन बघू’ म्हणत लोक इंजिनं जाम करून बसतात. तो दिवा चालत्या गाडीत पेटला की जागच्या जागी बंद करायची, मग ती व्हरायटी चौकात का असेना.

सिंथेटिक की साधं, हा वाद तर गॅरेजात राजकारणाच्या खालोखाल चालतो. मिस्त्री म्हणतो, सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळते. अर्धं खरं आहे. सिंथेटिक तेल गळती निर्माण करत नाही. ते बहुधा पातळ असतं, चांगलं धुतं, आणि वर्षानुवर्षांच्या काजळीनं बुजलेल्या ज्या फटीतून काही गळत नव्हतं ती फट उघडी पाडतं. म्हणजे गळती आधीचीच, पुरावा नवा. पण ते कळल्यानं पोर्चमधला डाग पुसला जात नाही. माझं मत असं, की ज्या गाडीनं आयुष्यभर साधं मिनरल तेल पचवलं तिला उतारवयात नवा आहार लावू नये, आणि साधं तेल वेळेवर बदलण्यात जे भलं आहे ते महागडं तेल दोन वर्षं ठेवण्यात नाही. डब्यावर एपीआय या दुसऱ्या अमेरिकी संस्थेची अक्षरंही असतात: एसएफ, एसजी, एसएल, एसएन, २०२० पासून एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकी कसोटी नवी. मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या कसोट्यांत जस्त आणि फॉस्फरसची संयुगं कमी करत आणली, आणि तीच संयुगं जुन्या इंजिनात घासणाऱ्या भागांवर कवच धरायची. त्यामुळे जुनं ते सोनं म्हणणारा मिस्त्री अगदीच भाबडा नसतो. एसएल किंवा पुढचं काहीही माझ्या गाडीला चालतं. यावर जास्त झोप खराब करू नये.

खरं तर माणूस यंत्राला काय काय पाजत आलाय हे पाहिलं की आजचे वाद फिके वाटतात. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांत एरंडेल घालत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळायचं नाही. त्याचे तुषार तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांची पोटं बिघडत म्हणतात. आमच्या आजीला हे सांगायला हवं होतं. तिनं दर रविवारी आम्हाला जे दिलं त्याला निदान शौर्याची बाजू मिळाली असती.

सदर भागाच्या मागच्या गल्लीतलं गॅरेज सकाळी साडेनवाला उघडतं. मी गाडी चालवत नेते, म्हणजे तेल कोमट होऊन येतं. गार तेल अर्धं आतच चिकटून राहतं. मिस्त्री आधी बोलत नाही. बॉनेट उघडतो, झाकण काढतो, झाकणाची आतली बाजू बोटानं पुसून बघतो. मग गेज ओढतो, पुसतो, परत घालतो, परत ओढतो, आणि नाकाशी नेतो. हा वास घेण्याचा भाग मला फार आवडतो. तेल कमी झालेलं दिसलं तर तो काही म्हणत नाही. तेल न घालता वाढलेलं दिसलं तर मात्र भुवया वर जातात, कारण याचा अर्थ पेट्रोल खाली उतरून तेलात मिसळलं. बोटांच्या चिमटीत थेंब चोळून तो म्हणतो, ‘पाण्यासारखं होऊन गेलं पाहा.’

मग खड्ड्यात उतरणं, चेंबरच्या नटाला पाना लावणं. पहिला झटका जोराचा, पुढे नट बोटांनी फिरतो, आणि शेवटच्या आट्याला हात चपळाईनं बाजूला घ्यावा लागतो. तेल आधी जाड धारेनं येतं, किंचित वाकून, जुन्या डब्याच्या कापलेल्या अर्ध्यात. मग धार सरळ होते. मग बारीक. मग थेंब. घाई करणारे गॅरेजवाले इथंच नट लावतात. हा नाही लावत. ‘टपकू द्या, चहा घेऊ’ म्हणतो. समोरच्या ठेल्यावरून तर्री पोहे येतात, आणि काळ्या हातांनी प्लेट धरून तो उभ्यानं खातो. त्या पंधरा-वीस मिनिटांत दुसरं काही करण्यासारखं नसतं. पोऱ्या फिल्टर सोडवतो. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटानं ताजं तेल लावायचं, नाहीतर पुढच्या वेळी तो चिकटून बसतो. हातानं आवळायचा, पान्यानं नाही. नटाचं वायसर नवं. या वायसराची किंमत काहीच नसते आणि ते जुनंच ठेवून देणाऱ्या गॅरेजांची संख्या फार मोठी असते.

नवं तेल नरसाळ्यातून ओततात तेव्हा ते मधाच्या रंगाचं असतं आणि आवाज करत नाही. तीन लिटरच्या आतबाहेरच लागतं. तेवढं तेल पाहून दर वेळी मला वाटतं, एवढंच? एवढ्यावर ही चालते? ओतून झालं की मिस्त्री रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोक पाडतो, म्हणजे कुणी त्यात नकली भरून विकू नये. हा त्याचा नियम आहे, माझ्यासमोर तरी.

आणि काळं निघालेलं तेल बघून बहुतेक लोक तोंड वाकडं करतात. ‘किती घाण झालं!’ माझ्या शेजारच्या काकू तर तेल बदलून आठ दिवसांत काळं दिसलं म्हणून गॅरेजवाल्याशी भांडल्या. मला त्यांना मारबतीची आठवण करून द्यावीशी वाटली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन मारबती निघतात, पिवळी आणि काळी. पिवळी जागनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची, काळी इतवारीतली. भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी संधान बांधलं, त्याच्या रागातून काळी निघाली असं सांगतात. गर्दी तिच्यासमोर ओरडते: खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा, रोगराई घेऊन जा गे मारबत! सगळं तिच्या अंगावर टाकून मग तिला गावाबाहेर जाळतात. तेलाचं तसंच आहे. पिवळं आत जातं, आणि काजळी, आम्ल, वाफेचं पाणी, धातूचा बारीक चुरा, सगळं अंगावर घेऊन काळं बाहेर येतं. त्यात मिसळलेली रसायनं काजळीचे कण सुटे सुटे धरून ठेवतात, त्यांना भिंतींवर थर करू देत नाहीत. लवकर काळं पडणारं तेल म्हणजे काम करणारं तेल. महिनोन्महिने सोनेरी राहिलेलं दिसलं तर मला उलट शंका येईल की घाण गेली कुठं. ती घाण घेण्याची त्याची ताकद मात्र संपते, आणि त्यानंतरही त्याला आत कोंडून ठेवलं की मग थर धरतात, डांबरासारखे. एका अशा इंजिनाचं उघडलेलं हेड मिस्त्रीनं मला दाखवलं होतं. मालक फार चालवत नव्हता, म्हणाला. वर्षाला दोन हजार किलोमीटरसुद्धा नाही. म्हणून बदलत नव्हता.

कमी चालणारी गाडी ठीक राहते हा आमच्याकडचा सर्वांत लाडका गैरसमज. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यातला ‘किंवा’ कुणी वाचत नाही. माझी गाडी धरमपेठेतून सीताबर्डीला जाते, भाजी घेते, परत येते. डिसेंबरात सकाळी चोक ओढून. चोक ओढला की पेट्रोल जास्त जातं, गार सिलिंडरात ते सगळं जळत नाही, कडांनी ओघळून तेलात उतरतं. जळण्यातून झालेली वाफ आतच थिजते. इंजिन जरा तापून हे सगळं उडवून लावणार, तोवर माझी भाजीवाली आलेली असते. दोन-तीन आठवडे असं चाललं की झाकणाच्या आत ताकाच्या रंगाचा फेस धरतो. हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरणारे घाबरतात. बहुतेक वेळा तो फक्त आळशी नागपुरी हिवाळा असतो. तेलाला खरा त्रास मेमध्ये नसतो, तो असतो संत्री येतात त्या दिवसांत. म्हणून हिवाळ्यात दर रविवारी मी गाडी काढते आणि कामठी रोडनं किंवा वर्धा रोडनं तासभर सरळ जाते. जायचं कुठं नसतं. पेट्रोल जाळून पेट्रोल उडवायचं, एवढंच. समृद्धीवर नेत नाही. तिथं ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि बाकीच्या गाड्या ती वापरतात.

निघालेलं काळं तेल कुठं जातं हेही एकदा विचारलं पाहिजे. पूर्वी त्याला फार पाहुणचार होता. मामांच्या गावी बंडीच्या आखाला ते जायचं, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासलं जायचं, विहिरीच्या रहाटाला लागायचं. शहरात सेंट्रिंगवाले अजूनही पाट्यांना लावायला घेऊन जातात, काँक्रीट चिकटू नये म्हणून. आणि उरलेलं नालीत. कायद्यानं ते घातक कचऱ्यात मोडतं. २०१६ च्या नियमांत त्याची वेगळी नोंद आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी तेल विकणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. शुद्ध होतंही, तेल मरत नाही, त्याच्यात मिसळलेलं मरतं. नाग नदीचं पाणी ज्या रंगाचं आहे त्यात आणखी काळं कशाला मिसळायचं? माझा मिस्त्री पिंपात साठवतो आणि एक जण टेम्पो घेऊन येतो. तो पुढे कुठं नेतो यावर मी त्याला छेडलं तर म्हणाला, ‘ताई, तुमची गाडी तीन लिटरची. ट्रकवाल्यांना विचारा ना.’ ट्रकवाल्यांना विचारण्याइतकी ओळख अजून झालेली नाही.

सध्या आमचा वाद वेगळाच आहे. गेल्या वेळी गेज बघून तो म्हणाला, आता ट्वेंटी-फिफ्टी टाकू, जाड आहे, खाणं कमी होईल. माझं म्हणणं, जाड तेलानं धूर लपेल, कड्यांची झीज थोडीच भरेल. शिवाय सकाळी ते वर हेडपर्यंत पोचायला उशीर करेल, आणि झीज होते ती नेमकी तेव्हाच. दोन सर्व्हिसच्या मध्ये जो अर्धा लिटर वर घालावा लागतो तो मी डिकीत ठेवते, त्यात काय एवढं? त्याचं म्हणणं, बाबा असते तर केव्हाच बदललं असतं. हे त्यानं मुद्दाम म्हटलं. बाबांनी हयातभर डब्याचा रंगसुद्धा बदलला नव्हता हे त्याला माहीत आहे, कारण तेव्हा पोऱ्या म्हणून नरसाळं धरायला तोच असायचा. शेवटी ठरलं की लाल दिवा गरम गाडीत सिग्नलला एकदाही मिणमिणला तर तो म्हणेल ते तेल, तोवर मी म्हणेन ते. त्यानं कार्डावर तारीख आणि किलोमीटर लिहिले, पुढच्या खान्यात २०डब्ल्यू-४० लिहिलं, आणि त्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.